मुडदूस म्हणावं, तर मुडदूस नव्हे

मुडदूस हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आजीच्या तोंडून. पाय फेंगडे, मनगटं जाड, चालायला उशीर. असं पोर दिसलं की आळीतल्या बायका निदान करून मोकळ्या व्हायच्या. याच रोगावर इंग्लंडमध्ये फ्रान्सिस ग्लिसन यांनी १६५० साली अख्खा ग्रंथ लिहिला होता, तोही लॅटिनमध्ये.

घोटाळा झाला तो वेगळ्याच मुलांमुळे. १८५९ साली क्योनिग्जबर्गच्या मोलर या डॉक्टरांनी त्यांचं वर्णन केलं. मांड्या सुजलेल्या, हिरड्या काळ्यानिळ्या, उचलायला गेलं की किंकाळी. मूल पाय हलवीनासं होई, लुळं पडल्यासारखं. मोलर यांनी याला 'तीव्र मुडदूस' म्हटलं. एकदा नाव पडलं की ते चालतंच! १८७८ मध्ये लंडनच्या चीडल यांनी स्कर्व्हीकडे बोट दाखवलं होतं. पण खरा उलगडा केला थॉमस बार्लो यांनी, १८८३ मध्ये.

दगावलेल्या मुलांची हाडं त्यांनी तपासली. हाडावर जे पातळ आवरण असतं, त्याच्याखाली रक्त साकळलेलं होतं. मुडदुसात हाड मऊ पडतं, वाकतं. हा रक्तस्राव त्याचा नव्हे. हा तर दर्यावरच्या खलाशांचा रोग! मुडदूस सोबतीला असेल किंवा नसेलही, मूळ दुखणं स्कर्व्हीचं, असं बार्लो यांनी मांडलं.

पण तो पाळण्यात कसा शिरला? डब्यातलं दूध आणि विकतचं तयार बाळान्न यांतून. म्हणून तो खात्यापित्या घरांत अधिक दिसे. अंगावर पिणारी गरिबाघरची मुलं त्यातून बहुधा सुटत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी १८९८ मध्ये अशा ३७९ मुलांच्या नोंदी एकत्र केल्या.

हा नुसता नावाचा वाद नव्हता. मुडदुसावर कॉड माशाचं तेल पाजत. स्कर्व्हीच्या मुलाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. त्याला हवं होतं ताजं दूध आणि संत्र्याचा रस. तो मिळाला की थोड्याच दिवसांत मूल आईला पायाला हात लावू देई.

१८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि पुढे हा फरक जिवंत मुलातही दिसू लागला. मुडदुसात हाडाचं टोक पेल्यासारखं खोलगट, कडा विसविशीत. स्कर्व्हीत त्याच जागी दाट पांढरी रेघ.