टीव्हीला दिलेले स्टार कसे वाचायचे आणि स्वतः कसे द्यायचे?

गेल्या दिवाळीत खापरखेड्याला घरी गेलो आणि हॉलमधल्या ४३ इंची टीव्हीवर डाव्या बाजूला एक उभी रेघ दिसली. टीव्ही घेऊन १४ महिने झाले होते आणि वॉरंटी होती १२ महिन्यांची. पॅनल बदलायचा खर्च विचारला, तर तो नव्या टीव्हीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त निघाला.

खरी गंमत पुढे आहे. हा टीव्ही ऑनलाइन मीच मागवला होता, ४.३ स्टार बघून. टीव्ही भिंतीवर लागल्याच्या तिसऱ्या दिवशी ॲपने 'कसा वाटला?' म्हणून विचारलं आणि मीच त्याला ५ स्टार दिले होते. म्हणजे ज्या आकड्याने माझी फसगत झाली, त्या आकड्यात माझाही हात होता!

टीव्ही ही रोज घ्यायची वस्तू नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत ती सात-आठ वर्षं चालावी अशीच अपेक्षा असते. त्यामुळे ग्राहकांनी दिलेल्या स्टारमध्ये काय असतं, काय नसतं, आणि आपण स्टार देताना काय बघायला हवं, हे या लेखात समजून घेऊ.

आधी एक गोंधळ दूर करू : दोन वेगळे स्टार

दुकानात टीव्हीवर एक स्टिकर असतं, त्यावरही स्टार असतात. ते केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचे (बीईई) स्टार. ही योजना २००६ मध्ये सुरू झाली. हे स्टार फक्त वीज किती लागते एवढंच सांगतात. चित्र, आवाज, टिकाऊपणा यांच्याशी त्यांचा काही संबंध नाही.

ॲपवर दिसणारे स्टार वेगळे. ते टीव्ही विकत घेतलेल्या लोकांनी दिलेले असतात. या लेखात आपण त्यांच्याबद्दल बोलतोय.

ग्राहकांचे स्टार नेमकं काय मोजतात?

तुम्ही कुठल्याही टीव्हीचे ५ स्टारवाले रिव्ह्यू उघडून बघा. 'डिलिव्हरी वेळेत आली', 'इन्स्टॉलेशनवाला भला माणूस होता', 'या किमतीत मस्त' अशी वाक्यं सापडतील. हे सगळं पहिल्या आठवड्यातलं असतं. पॅनल दुसऱ्या उन्हाळ्यात कसं राहिलं, दीड वर्षाने सॉफ्टवेअर अडकायला लागलं का, हे त्या दिवशी कोणालाच माहीत नसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे रेटिंग सगळे देत नाहीत. खूप खूश असलेले देतात आणि खूप वैतागलेले देतात. 'ठीक आहे, चालतंय' म्हणणारा माणूस ॲप बंद करून मोकळा होतो. म्हणून आलेख काढला तर ५ स्टारचा उंच खांब, १ स्टारचा छोटा खांब आणि मध्ये खड्डा दिसतो. इंग्रजीतल्या 'जे' अक्षरासारखा आकार असल्यामुळे हू, पावलू आणि झांग या संशोधकांनी २००९ मध्ये त्याला 'जे-आकाराचं वितरण' म्हटलं.

मग अशा सरासरीवर भरवसा किती ठेवायचा? २०१६ मध्ये डी लांघे, फर्नबाक आणि लिक्टनस्टाइन यांनी १२० प्रकारच्या १,२७२ वस्तूंचे ॲमेझॉनवरचे स्टार घेतले आणि अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या संस्थेने प्रयोगशाळेत तपासून दिलेल्या गुणांशी ताडून पाहिले. दोन्हींचा मेळ फार कमी बसला.

समाधान म्हणजे अपेक्षा आणि अनुभव यांतला फरक

टीव्हीची ती रेघ बघितल्यावर मी आमच्या गल्लीतल्या चार घरी सहज विचारलं, 'तुमच्या टीव्हीला पाचपैकी किती देणार?' एका काकांकडे जुना २४ इंची टीव्ही आहे, आवाज थोडा फाटतो. ते म्हणाले, 'पाच! चांगला चालून राहिला न, काय खराबी आहे त्याच्यात?' समोरच्या घरी नवा ५५ इंची. तिथून उत्तर आलं, 'तीन. दुकानात जसा दिसला तसा घरी दिसतच नाही.'

मशीन म्हणून बघितलं तर ५५ इंचीच सरस आहे. पण स्टार मिळाले उलटे. रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये हेच मांडलं होतं : माणूस वस्तूला एकटं जोखत नाही, आधी मनात धरलेल्या अपेक्षेशी ताडून बघतो. अनुभव अपेक्षेच्या वर गेला तर समाधान, खाली राहिला तर नाराजी.

जपानचे नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये यात आणखी एक भर घातली. काही गोष्टी असल्या तर कोणी कौतुक करत नाही, पण नसल्या तर माणूस चिडतो. रिमोटचं बटण एका दाबात चालणं ही अशी गोष्ट आहे. रिव्ह्यूमध्ये 'रिमोट चालतो' असं कोणी लिहिणार नाही, पण तो चालेना झाला की सरळ १ स्टार पडतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंचीवरून ४३ किंवा ५५ इंचीवर जाणाऱ्यांची अपेक्षा साहजिकच मोठी असते. म्हणून पुढचा भाग नीट वाचा.

दुकानात भारी, घरी फिका : असं का होतं?

याची तीन मुख्य कारणं आहेत.

१. सिग्नल. दुकानात ४केमध्ये चित्रित केलेला डेमो व्हिडिओ चालू असतो. घरी आपण बरेचदा केबल किंवा डिशवरचं साधं एसडी चॅनल बघतो. एसडी चित्रात ७२० × ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके असतात. ४के स्क्रीनवर ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. बरोबर २० पट! एका ठिपक्याच्या माहितीतून टीव्हीला २० ठिपके भरावे लागतात, उरलेले तो अंदाजाने रंगवतो. म्हणून जुन्या छोट्या टीव्हीवर जे चॅनल बरं दिसायचं, तेच नव्या मोठ्या टीव्हीवर धुरकट दिसतं. टीव्हीत खराबी नसते.

२. पिक्चर मोड. दुकानातल्या ट्यूबलाइटच्या झगमगाटात उठून दिसावं म्हणून टीव्ही 'व्हिव्हिड' किंवा 'स्टोअर' मोडवर ठेवतात. घरी 'मूव्ही' किंवा 'सिनेमा' मोड लावा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, मग डोळे रुळतात आणि माणसांचे चेहरे माणसांसारखे दिसायला लागतात.

३. बसायचं अंतर. ४३ इंची स्क्रीनची रुंदी साधारण ९५ सेंटीमीटर असते. फुल एचडीमध्ये आडवे १,९२० ठिपके, म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. सामान्य नजरेला इतका ठिपका साधारण साडेपाच फुटांपर्यंतच वेगळा कळतो. आपला सोफा १० फुटांवर असेल, तर ४३ इंचीत फुल एचडी आणि ४के यांतला ठिपक्यांचा फरक डोळ्यांना दिसणारच नाही.

यात अजून एक भर : पॅनलचा प्रकार. व्हीए पॅनलचा काळा रंग गडद असतो, पण बाजूने बघितलं की रंग उडतात. आयपीएस पॅनल बाजूनेही बरं दिसतं, पण अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी वाटतो. आमची आई स्वयंपाकघराच्या दारातून तिरकं बघते. ५ स्टार देणारा माणूस समोर बसून बघत असेल, तर त्याचं मत आमच्या आईच्या कामाचं नाही.

रेटिंग वाचायची रीत

सरासरी सोडा, खांब बघा. ४.० सरासरी दोन प्रकारे येते. एका टीव्हीला बहुतेकांनी ४ दिले. दुसऱ्याला ७५ टक्के लोकांनी ५ आणि २५ टक्के लोकांनी १ दिला. सरासरी तीच, पण दुसरा टीव्ही घेणं म्हणजे लॉटरी, कारण चारांतला एक माणूस पस्तावलाय.

किती जणांनी दिलं ते बघा. १२ जणांचे ४.८ चांगले की ८,००० जणांचे ४.३? एक सोपी युक्ती आहे : दोन्हींत ३ स्टारचे २० काल्पनिक रिव्ह्यू मिसळा. पहिला ४.८ वरून सुमारे ३.७ वर घसरतो, दुसरा ४.३ च्या आसपासच राहतो. आकड्यामागे माणसं किती आहेत, हे यातून कळतं.

२ आणि ३ स्टारवाले आधी वाचा. १ स्टारमध्ये बरेचदा खोकं फाटलं, कुरिअर उशिरा आला असला राग असतो. २-३ स्टारवाला माणूस शांतपणे लिहितो : चित्र बरं, पण आवाज कमी, वर्षभराने ॲप उघडायला वेळ लागतो.

'महिने' शोधा. रिव्ह्यूमध्ये '६ महिने', '१ वर्ष' असे शब्द शोधा, इंग्रजी रिव्ह्यूंमध्येही. असे दहा रिव्ह्यू पहिल्या दिवसाच्या हजार रिव्ह्यूंपेक्षा जास्त सांगून जातात.

मॉडेल नंबर जुळवा. एकाच पानावर ३२, ४३ आणि ५५ इंची टीव्हींचे रिव्ह्यू अनेकदा एकत्र केलेले असतात. आकार वेगळा तर पॅनलही वेगळं असू शकतं.

आपलं गाव रिव्ह्यूत आहे का? आमचं गाव नागपूरच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर. महानिर्मितीच्या १,३४० मेगावॉटच्या वीज केंद्रामुळे नाव सगळ्यांना ठाऊक, पण टीव्हीचं सर्व्हिस सेंटर म्हटलं की नागपूरच गाठावं लागतं. पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला 'दुसऱ्या दिवशी माणूस आला' हा अनुभव आला, म्हणून तो आपल्यालाही येईल असं नाही. घेण्याआधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून आपला पिनकोड सांगा आणि 'घरी येऊन दुरुस्ती होते का?' असं स्पष्ट विचारा. तसंच मॅन्युअलमध्ये टीव्ही किती तापमानापर्यंत चालवायचा ते दिलेलं असतं, बरेचदा ४० अंश. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, त्यामुळे टीव्हीच्या मागे हवा खेळती राहील अशी जागा ठेवा आणि जाळीवरची धूळ कोरड्या कापडाने काढत राहा.

खोट्या रिव्ह्यूंचं काय? भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये 'आयएस १९००० : २०२२' हे ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीचं मानक आणलं. रिव्ह्यू देणारा खरा आहे का हे तपासावं, पैसे देऊन लिहून घेऊ नयेत, वाईट रिव्ह्यू दाबू नयेत, अशी त्यात अपेक्षा आहे. पण ते ऐच्छिक आहे, त्यामुळे डोळे आपलेच उघडे ठेवायचे.

स्वतः स्टार देताना : १०० गुणांचं प्रगतिपुस्तक

टीव्ही आला की लगेच स्टार देऊ नका. मोबाइलमध्ये ६ महिन्यांनंतरची आठवण लावून ठेवा. मग घरातल्या सगळ्यांना विचारून असे गुण द्या :

- चित्र (३०) : घरचंच चॅनल लावून, रोजच्या जागेवरून. एकदा दुपारी खिडकी उघडी ठेवून, एकदा रात्री.
- आवाज (१५) : पंखा किंवा कूलर चालू असताना बातम्या स्पष्ट ऐकू येतात का?
- सॉफ्टवेअर आणि रिमोट (२०) : घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला मदतीशिवाय हवं ते लावता येतं का?
- सर्व्हिस (२०) : तक्रार केली का? किती दिवसांत कोण आलं? तक्रारच आली नसेल तर हा रकाना सोडा आणि ८० पैकी गुण धरा.
- वीज (५) : मागच्या पट्टीवर वॉट लिहिलेले असतात. ८० वॉटचा टीव्ही रोज ५ तास चालला तर महिन्याला १२ युनिट होतात.
- पैसा वसूल (१०) : आज त्याच किमतीत हाच टीव्ही परत घ्याल का?

आलेल्या टक्क्यांना २० ने भागा, झाले स्टार. ७६ टक्के म्हणजे ३.८. रिव्ह्यूत चार गोष्टी नक्की लिहा : किती महिने वापरला, काय बघता, किती अंतरावरून बघता आणि कुठल्या गावात. तुमच्यासारख्याच घरातला माणूस नेमकं हेच शोधत असतो.

आणि टीव्ही बिघडलाच तर?

स्टार कमी करून राग निघतो, पण काम होत नाही. वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी टीव्ही नीट तपासा : पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी स्क्रीन लावून रेघ, डाग, कोपऱ्यातून येणारा उजेड बघा. काही दिसलं तर त्याच दिवशी तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर, बिल, फोटो जपून ठेवा. कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. त्यानेही भागलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि त्यासाठी वकील लावणं सक्तीचं नाही.

आमच्या टीव्हीची रेघ माझ्या अंदाजाने एकदम उगवलेली नसणार. आईला ती आधी 'कधी कधी' दिसायची, पण 'लेकरानं एवढ्या हौसेनं पाठवला, कशाला सांगायचं' म्हणून ती गप्प राहिली. तेव्हाच सांगितलं असतं तर कदाचित वॉरंटीत काम झालं असतं. म्हणून घरी फोन कराल तेव्हा 'टीव्ही कसा चाललाय?' हेही एकदा विचारत जा.

मी त्या रात्रीच माझा जुना रिव्ह्यू उघडला. ५ चे २ स्टार केले आणि लिहिलं : '१४ महिने वापर, खापरखेडा. चित्र चांगलं. पॅनलवर रेघ. दुरुस्तीसाठी नागपूरला जावं लागतं.' पुढच्या माणसाला एवढं तरी आधी कळायला हवं.