गर्भिणी आणि औषधी शेक

गरोदरपणात कंबर दुखणे, पोटऱ्यांत गोळे येणे, पाय जड होणे या नित्याच्याच तक्रारी. अशा वेळी निर्गुडीच्या पाल्याची वाफ, दशमुळांच्या काढ्याचा किंवा औषधी पोटलीचा शेक घेण्याकडे कल असतो. 'झाडपाल्याचेच औषध, त्याने काय अपाय होणार?' हा समज त्यामागे असतो. मात्र तो आधुनिक वैद्यकाला मान्य नाही आणि आयुर्वेदालाही नाही.

शास्त्र काय सांगते?

घाम आणणाऱ्या उपचारांना आयुर्वेदात स्वेदन म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील १४ व्या अध्यायात अग्नीच्या साहाय्याने होणाऱ्या स्वेदनाचे १३ आणि अग्नीविना होणाऱ्या स्वेदनाचे १० प्रकार वर्णिले आहेत. स्वेदन कोणाला करू नये, याची यादीही तेथेच असून तीत गर्भिणीचा स्पष्ट उल्लेख आहे. तेलाने काठोकाठ भरलेले पात्र हिंदकळू न देता जपावे, तसे गर्भिणीला जपत सौम्य उपचार करावेत, असे शारीरस्थान सांगते.

धोका कशाचा?

गर्भाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ व्या दिवसापर्यंत बंद होते. अनेकींना तोवर आपण गरोदर असल्याचे ठाऊकही नसते. या काळात आईच्या शरीराचे तापमान ३९ अंश सेल्सियसच्या वर गेल्यास या नलिकेत व्यंग राहण्याचा धोका वाढतो. पुढील महिन्यांतही उष्णतेने रक्तवाहिन्या प्रसरण पावून रक्तदाब उतरतो आणि भोवळ येऊन पडण्याची भीती असते. शिवाय वनस्पतींतील द्रव्ये त्वचेतून व श्वासावाटे शरीरात शिरतात. कापूर तर वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो.

काय चालेल?

कंबरेला किंवा पायांना कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या पिशवीने दहा-पंधरा मिनिटे शेकावे. पोट शेकू नये. सर्दी झाल्यास साध्या पाण्याची वाफ केवळ नाकातोंडाने घ्यावी. स्नानाचे पाणी कोमट असावे. संपूर्ण शरीराचे बाष्पस्नान मात्र टाळावे. मसाज वा पंचकर्म केंद्रात गेल्यास गरोदरपणाची कल्पना आधीच द्यावी.

बाळंतिणीला शेक-शेगडी देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. तो उपचार प्रसूतीनंतरचा; तो गर्भिणीला लागू करू नये. बंद खोलीतील निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू बाळंतीण व बाळ दोघांनाही घातक ठरतो, हेही विसरू नये.

अजाणतेपणी असा उपचार घेतला गेला असेल, तर घाबरून न जाता स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगावे. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत गर्भाची रचना तपासता येते. शेकानंतर भोवळ, पोटात कळा, रक्तस्राव किंवा अंगावरून पाणी जाणे यांपैकी काहीही जाणवल्यास, अथवा बाळाची हालचाल मंदावल्यास, तातडीने रुग्णालय गाठावे.