हायड्रॉलिकचा जोड गळतोय? टेप गुंडाळण्याआधी आटे ओळखा

अहिल्यानगर : पल्टी नांगर, डंपिंग ट्रॉली ओढणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक जोड पाझरू लागले की बरेच जण नळाची पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळतात. टेपचे तुकडे तेलात गेले तर व्हॉल्व्हमध्ये अडकतात आणि छोट्या गळतीचं काम मोठ्या खर्चावर जातं. सूत-सफेदाही इथे चालत नाही.

कुठल्या जोडाला काय?

• निमुळते आटे (टोकाकडे बारीक होणारे) : तेल आट्यांमध्येच अडतं. हायड्रॉलिकसाठीचं पातळ सीलंट लावा, उदा. लॉकटाइट ५४५.
• सरळ आटे : तेल ओ-रिंग किंवा वॉशर अडवतो. सीलंट नको, ओ-रिंग किंवा वॉशर नवा टाका.
• होजपाइपचा कोनाचा जोड : धातूवर धातू बसतो. सीलंट नको. कोनावर चरा पडला असेल तर जोड बदला.

लावायचं कसं?

इंजिन बंद करा. नांगर जमिनीला टेकवा, ट्रॉली पूर्ण खाली घ्या, लिव्हर हलवून प्रेशर काढा. आट्यांवरचं तेल आणि जुना थर पूर्ण साफ करा. टोकाचा पहिला आटा मोकळा सोडून सीलंट लावा. पाना फार ताणू नका, ओतीव भागाला तडा जातो. शक्यतो २४ तास थांबून मगच काम धरा.

सावधान!

चालू ट्रॅक्टरची गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. प्रेशरचं तेल कातडीत घुसलं तर जखम टाचणीएवढीच दिसते, पण हात गमवायची वेळ येऊ शकते. दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि हायड्रॉलिक तेल घुसल्याचं डॉक्टरांना सांगा.