सालीची भाकरी

डॉक्टरांनी माझी तंबाखू सोडवली, त्या आठवड्यात मी घरातल्या प्रत्येकाशी भांडलो. दूधवाल्याशीसुद्धा. पण घशातला तुकडा तपासायला गेलेला, त्यामुळे माझं भांडण कुणी मनावरच घेईना. हा केवढा अपमान!

त्या दिवसांत मला सिबेलिउस भेटला. म्हणजे ध्वनिमुद्रिकेवर. फिनलंडच्या या संगीतकाराच्या घशातली गाठ १९०८ साली बर्लिनमध्ये काढली. चिरूट बंद, दारू बंद! आणि त्याचं दोन्हींवर निस्सीम प्रेम. बायको आइनो तेवढी सुखावली असणार. गाठ परत उद्भवेल ही धास्ती उराशी घेऊन त्याने चौथी सिंफनी लिहिली आणि ३ एप्रिल १९११ रोजी हेलसिंकीत स्वतः वाद्यवृंदापुढे उभं राहून ऐकवली.

फिनलंडवर तेव्हा झारचा अंमल. 'फिनलांदिया'च्या कर्त्याकडून लोकांना आवेश हवा होता. इथे आरंभालाच खर्जातली वाद्यं घुमतात : सा, रे, तीव्र मध्यम, गंधार! आपल्या कानांना ओळखीचे, यमनाचे सूर. पण यमनात जो तीव्र मध्यम लाडाने जवळ घेतो, तोच इथे काळोखात हात सोडून देतो. शेवटी विजयाचा गजरही नाही. थोडे निमूट सूर, आणि संपलं. श्रोते बुचकळ्यात पडले. एका समीक्षकाने हे कोली डोंगराचं प्रवासवर्णन असल्याचं छापलं. सिबेलिउसने जाहीरपणे इन्कार केला.

आमच्या हिने स्वयंपाकघरातून विचारलं, ''कुणाकडे काही झालंय का हो?''

या सिंफनीला 'सालीची भाकरी' असंही म्हणतात. फिनलंडात दुष्काळ पडला की पिठात झाडाची साल मिसळायचे. बहात्तरच्या दुष्काळात मी मिलोची लाल भाकरी खाल्ली आहे. तिची स्तुती केलेली आठवत नाही. पण दिवस तिनेच काढले. तपासणीचा कागद येईपर्यंतच्या चार रात्री मला गोड गाणं ऐकवेना. ''सगळं ठीक होईल'' असं न म्हणणारा हा एकटाच माणूस सोबतीला बरा वाटला.

कागद आला. काही नव्हतं.

सिबेलिउसची गाठही परत आली नाही. १९५७ साली तो गेला, तेव्हा ९१ वर्षांचा होता. मधे काही वर्षांनी त्याने चिरूट पुन्हा धरला होता. एवढा भाग तेवढा मी घरात अजून सांगितलेला नाही.