गाय उलटते तेव्हा आत काय घडतं?

आमच्या यावलकडे भरवलेली गाय एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आली की म्हणतात, "उलटली." तीन-चारदा असं झालं की तिला वांझ ठरवतात आणि बाजार दाखवतात. पण तिला गर्भ राहिलाच नव्हता, हे कशावरून? याचं उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना जवळपास साठ वर्षं लागली.

सुरुवात 1929 ची. अमेरिकेत जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड ॲलन यांनी नुकत्याच फळलेल्या सशिणींचे अंडाशय काढले. गर्भ मेले. मग अशाच सशिणींना त्यांनी पीतपिंडाचा अर्क टोचला आणि गर्भ जगले! पीतपिंड म्हणजे अंडं सुटल्यावर त्या जागी तयार होणारा पिवळा गोळा. त्यातलं प्रोजेस्टेरॉन 1934 मध्ये शुद्ध रूपात हाती आलं. या हार्मोनमुळे गर्भाशयात पोषक रस पाझरतो. सुरुवातीला गर्भ कुठे चिकटलेला नसतो, तो याच रसावर वाढतो.

मग हा पिंड टिकतो कशामुळे? 1966 मध्ये केंब्रिजच्या मूर आणि रोसन यांनी मेंढ्यांच्या गर्भाशयात वेगवेगळ्या दिवशी गर्भ ठेवून पाहिले. बाराव्या दिवसापर्यंत ठेवला तर पिंड टिकायचा, फार उशीर झाला तर नाही. गायीत ही मुदत साधारण सोळाव्या दिवसाची. म्हणजे "मी आहे" हा निरोप गर्भानंच द्यायचा! तो निरोप एका इंटरफेरॉनचा आहे, हे 1987 मध्ये उघड झालं. निरोप पोहोचला नाही तर गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडतं, पिंड विरतो, गाय माजावर येते. माजावर आणायचं इंजेक्शन असतं ना, त्यात बहुतेकदा हेच असतं.

आपल्याकडे मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळी कांचनला 'बाएफ' सुरू केली आणि कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारात आलं. पण भरवल्यानंतरच्या त्या सोळा दिवसांबद्दल आपण अजूनही फार बोलत नाही. पहिल्या काही दिवसांत गर्भाला उष्णता सोसत नाही, आणि आपला मे महिना तर 44-45 अंशांचा! प्रोजेस्टेरॉन कमी पडलं तरी गर्भ खुरटतो, निरोप क्षीण होतो.

उलटण्याला इतरही कारणं असतात: रेतनाची चुकलेली वेळ, गर्भाशयाचा संसर्ग. म्हणून भरवल्याची तारीख लिहून ठेवा. गाय एकवीसऐवजी पंचवीस-तीस दिवसांनी उलटली, तर गर्भ राहून गेला असण्याची शक्यता बरीच. डॉक्टरांना ती तारीख सांगा, गायीला सावली-पाणी द्या. बाजाराचं नंतर बघू.

भेटू पुढच्या भागात!