पीठ एकीचं, लाटणं सगळ्यांचं



चातुर्मासाआधीची उन्हाळी कामं आपल्याकडे कधी कुणी एकटीनं केली नाहीत. जळगाव असो की धुळे, आज एकीच्या अंगणात उडदाचे पापड, तर उद्या दुसरीच्या गच्चीवर बिबडे. पण तेच पापड विकायची वेळ आली की आपण एकट्या पडतो. प्रत्येकीचं व्हॉट्सअॅप स्टेटस वेगळं, इन्स्टाग्रामचं पान वेगळं, आणि गिऱ्हाईक मात्र त्याच चार ओळखीच्या घरांतलं. म्हणून आज लिज्जतचा इतिहास सांगते.

15 मार्च 1959. मुंबईत गिरगावातल्या एका गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी झाली फक्त चार पाकिटं. ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली.

पैसे उसने देणारे छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा. सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबाप्पांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा, ती उत्तम ठेवा आणि हिशेब चोख लिहा. पहिल्या पावसाळ्यात ऊन नसल्यानं चार महिने काम बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, आणि काम चालू राहिलं.

‘लिज्जत’ हे नाव 1962 मध्ये ठरलं. 1966 मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. पुढे दूरदर्शनवर रामदास पाध्ये यांचा बोलका ससा आला आणि पापड घराघरांत पोचला. विचार करा, एकेकट्या बाईला दूरदर्शनची जाहिरात परवडली असती का? हजारोजणींचं नाव एक होतं, म्हणूनच ती जमली. पीठ केंद्रावर एकत्र मळायचं, लाटायचं आपापल्या घरी, आणि नफ्यात वाटा प्रत्येकीचा.

आपल्या जिल्ह्यातही असं घडलंय. 2016 मध्ये जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वांगं बहुबीज म्हणून आपल्यापैकी अनेकींच्या चुलीवर चढत नाही, पण त्यातला धडा घ्यायला हरकत नाही. 2021 मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची 22 टन केळी याच नावानं दुबईला गेली.

पण एक नाव म्हणजे एक जबाबदारी. एकीनं शिळं तेल वापरलं किंवा उडदात दुसरी डाळ मिसळली, तर बट्टा सगळ्यांना लागतो. आपल्या अचौर्य व्रतात भेसळ आणि खोटं माप हे अतिचारच सांगितले आहेत. व्यापाराचा हा पहिला नियम आपण लहानपणापासून पाठशाळेत ऐकत आलोय.

तेव्हा पापडवाली, मसालेवाली, खाखरेवाली अशा पाच-सातजणींनी एक पान काढावं. एकीला फोटो छान जमतात, दुसरीला हिशेब, तिसरीचं माहेर पुण्याला. प्रत्येकीनं दुसरीचा माल आपल्या माणसांना दाखवावा. प्रत, भाव आणि वाटणी मात्र आधी वहीत लिहून घ्यावी. जिच्या घरी कमावणारं दुसरं कुणी नाही, तिला या पानावर पहिली जागा द्यावी. तिच्यासाठी ही हौस नाही, मुलांच्या शाळेची फी आहे.