विश्वामित्रीचे राखणदार

पावागडावर उगम पावणारी विश्वामित्री बडोदे शहराच्या ऐन मध्यातून वाहते आणि लाखोंच्या वस्तीत तिच्या पात्रात आजही शेकडो मगरी नांदतात. मगर हे खोडियार मातेचे वाहन, म्हणून इकडील भाविक तिला हातही जोडतात. परंतु देवळात पुजारी नेमावा लागतो. नुसत्या भाविकांच्या गर्दीने नित्यपूजा चालत नाही. नदीचेही तसेच आहे. तिची राखण हे कोणाचे तरी नेमून दिलेले, आयुष्यभराचे काम असावे लागते. बडोद्याच्या इतिहासात आम्हांस हाच बोध दिसतो.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८८१ साली राज्यकारभार हाती घेतला. शहराला शुद्ध पाणी मिळावे म्हणून पूर्वेस आजव्याचा तलाव बांधण्यात आला. त्याची उभारणी जगन्नाथ सदाशिव या अभियंत्याच्या हातून झाली, आणि १८९२ पासून तेथील पाणी शहरात खेळू लागले. पुढे १९१० साली डभोईजवळ वढवाणा येथे शेतीकरिता जलाशय झाला. हे तलाव पक्ष्यांसाठी बांधलेले नव्हते. तथापि मध्य आशियाकडून येणारे पक्षी दर हिवाळ्यात वढवाण्यास उतरू लागले, आणि २०२१ साली त्या जलाशयाची रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांत गणना झाली. संस्थानाच्या पगारी सेवकांनी चोख बजावलेल्या कामाचे हे फळ शतकानंतर पदरात पडले.

१९४९ साली संस्थान विलीन झाले. त्यानंतर ही धुरा वाहण्यास पुढे आले ते अध्यापक. महाराजा सयाजीराव विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ गुणवंत ओझा यांनी निसर्गप्रेमींची आंतरराष्ट्रीय संस्था बडोद्यातच स्थापिली आणि पर्यावरणास वाहिलेले नियतकालिक चालविले. वेतन अध्यापनाचे, ध्यास निसर्गाचा, असा हा संसार होता. असा ध्यास वंदनीय खरा. पण तो व्यक्तीबरोबर मावळतो, अधिकारपद मात्र मागे उरते.

मग कायदा आला. १९७२ च्या वन्यजीव अधिनियमाने मगरीस पहिल्या परिशिष्टात स्थान देऊन सर्वोच्च संरक्षण दिले. नदीकाठ सुशोभित करण्याची योजना निघाली तेव्हा रोहित प्रजापती व त्यांचे सहकारी २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले, आणि मे २०२१ मध्ये लवादाने नदीच्या व तिच्या पूरभूमीच्या रक्षणासंबंधी निर्देश दिले. तरीही ऑगस्ट २०२४ च्या महापुरात शहर बुडाले आणि मगरी रस्त्यांवर आल्या.

आम्ही वकिली करणारे एक गोष्ट पक्की जाणतो. हुकूमनामा मिळाला म्हणजे दावा संपत नाही. दरखास्त चालवावी लागते, आणि ती चालविणारा चिकट माणूस लागतो. नदीच्या बाजूने असा माणूस कोण? पूरभूमीचा नकाशा वाचणारा, मगरींची गणती ठेवणारा, भराव पडू लागताच हरकत घेणारा, आणि एवढ्यावरच सन्मानाने संसार चालविणारा?

आमच्या समाजाने न्यायालयांना वकील दिले, पेढ्यांना कारकून दिले, इस्पितळांना वैद्य दिले. मुलाने नदीची चाकरी पत्करतो म्हटले, तर मात्र घरात पहिला प्रश्न निघतो, "पोट कसे भरणार?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मुलाकडे मागू नये. ते सरकारने, विद्यापीठांनी आणि सधन देवस्थानांनी द्यावयाचे आहे. तीर्थाची पूजा करणाऱ्यांनी तीर्थ राखणाऱ्याचे वेतनही आपल्या हिशेबात धरले पाहिजे.